खड्डा तोच, भूक गायब : ‘द प्लॅटफॉर्म २’

सिक्वेल काढताना पहिल्या भागातलं काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवायचं, हा अंदाज चुकला की पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. ‘द प्लॅटफॉर्म २’ने पहिल्या भागातला तुरुंग उचलला, खाली सरकणारी जेवणाची फळी उचलली, रक्त तर भरभरून उचललं. हिशोब मात्र मागेच राहिला. या गोष्टीची भीती त्या हिशोबात होती.

(दोन्ही भागांचं कथानक पुढे शेवटापर्यंत उघड केलेलं आहे. पहिला भाग पाहिला नसेल तर इथेच थांबा, आधी तो बघा.)

गाल्देर गाझ्तेलू-उर्रुतिया या बिल्बाओच्या दिग्दर्शकाचा पहिला ‘द प्लॅटफॉर्म’, म्हणजे मूळ स्पॅनिशमधला ‘एल ओयो’, सप्टेंबर २०१९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. तिथल्या ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. नेटफ्लिक्सवर तो आला २० मार्च २०२० ला, आपल्याकडे जनता कर्फ्यू दोन दिवसांवर असताना. लोक किराणा भरून ठेवत होते, सोसायट्यांची फाटकं बंद होत होती, आणि पडद्यावर एका बंद खोलीत वरच्याचं उष्टं खालचा खात होता. चित्रपट जगभर गाजला त्यात या योगायोगाचा वाटा मोठा. तरी सगळं श्रेय वेळेला देता येत नाही. यंत्रणाच पक्की बांधलेली होती.

एक उभा तुरुंग. प्रत्येक मजल्यावर एकच खोली, खोलीत दोन माणसं, आणि छताला व जमिनीला मधोमध चौकोनी भोक. रोज एकदा वरून अन्नाने लादलेली फळी खाली येते. प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबते आणि पुढे सरकते. त्या दोन मिनिटांत हवं तेवढं खा. काही लपवून ठेवलं तर खोली भट्टीसारखी तापते किंवा बर्फासारखी गार पडते. महिना संपला की गॅस सोडतात, आणि जाग येते ती दुसऱ्याच कुठल्यातरी मजल्यावर. आत येताना प्रत्येकाला आवडीची एक वस्तू आणता येते. बस, नियम संपले. नायक गोरेंग ‘डॉन किहोते’चं पुस्तक घेऊन येतो. त्याचा पहिला सोबती, म्हातारा त्रिमागासी, आणतो स्वतःला धार लावून घेणारी सुरी. पुढच्या महिन्यात काय होणार हे इथेच कळतं.

आता आकडे घ्या. खाली ३३३ मजले, म्हणजे ६६६ माणसं. दर मजल्याला दोन मिनिटं धरली तर फळीला तळापर्यंत जायला ६६६ मिनिटं, म्हणजे ११ तास ६ मिनिटं. मधल्या सरकण्याचा वेळ वेगळा. दिवसातून एक फेरी सहज बसते. माणशी २००० कॅलरी धरल्या तर रोज १३ लाख ३२ हजार कॅलरी लागतील. ताटाचं वजन ६०० ग्रॅम धरा, फळीवर ४०० किलो अन्न झालं. हे सगळं शक्य कोटीतलं आहे. समजा वरच्या प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या दुप्पट खाल्लं, तर १६६व्या मजल्यापर्यंत फळी रिकामी होते. तिप्पट खाल्लं तर १११व्याला. गोरेंग दुसऱ्या महिन्यात जागा होतो तो मजला १७१वा. तिथे येतात त्या फक्त चाटूनपुसून साफ केलेल्या थाळ्या आणि फुटक्या बाटल्या. लेखकांनी हे गणित कागदावर मांडलं होतं की नाही कोण जाणे, पण पडद्यावर ते चुकत नाही. प्रेक्षकही नकळत तेच गणित करत बसतो: आता ४८वा आहे, उष्टं तरी मिळतंय, ३३वा आला, चंगळ, २०२वा आला, आता कोण कोणाला खाणार?

लग्नाच्या शेवटच्या पंगतीला बसलेल्याला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की इथे पंगत रोजची आहे आणि वाढपी कोणीच नाही.

पहिल्या भागाची आणखी एक गोष्ट सिक्वेलसाठी महत्त्वाची आहे. गोरेंगला आत घेण्यापूर्वी मुलाखतीत त्याचा आवडता पदार्थ विचारला जातो. तो गोगलगाय सांगतो. म्हणजे फळीवर प्रत्येकाचा आवडता पदार्थ असतोच; ज्याने त्याने आपापलं खाल्लं तर कोणी उपाशी राहायचं कारण नाही. मुलाखत घेणारी इमोगिरी पुढे स्वतःच त्याची सोबतीण म्हणून येते आणि खालच्या मजल्यावरच्यांना रोज विनवते की, तुमच्यापुरतंच घ्या आणि पुढच्यांसाठी दोन ताटं वाढून ठेवा. कोणी ढुंकून बघत नाही. शेवटी गोरेंग खालच्यांना दम देतो: ऐकलं नाहीत तर तुमच्या अन्नात हागून ठेवीन. दुसऱ्या मिनिटाला शिस्त लागते. कायदा कसा जन्माला येतो हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या घाण पद्धतीने दाखवणारं दृश्य भयपटांत क्वचित सापडेल. शिवाय त्यातच त्याची मर्यादाही आहे: खालच्याला असा दम देता येतो, वरच्याच्या अन्नापर्यंत आपला हातच पोचत नाही.

दुसरा भाग इथूनच सुरू होतो, आणि सुरुवात चांगली आहे हे आधी कबूल करायला हवं. मजला २४. पेरेंपुआन नावाची चित्रकार मुलगी (मिलेना स्मित) आणि झामियातिन नावाचा धिप्पाड माणूस (होविक केउचकेरियन, ‘मनी हाइस्ट’ पाहिलेल्यांना बोगोटा म्हणून आठवेल). झामियातिनने मुलाखतीत पिझ्झा सांगितलेला असतो. फळी येते, पेरेंपुआनची क्रोकेटं जागच्या जागी, पिझ्झा नाही. वर कोणीतरी खाल्ला. इथे आता ‘कायदा’ आहे: प्रत्येकाने फक्त स्वतः मागितलेला पदार्थ खायचा. हवं तर दुसऱ्याशी राजीखुशीने अदलाबदल करा. मेलेल्याचं अन्न कोणी खायचं नाही, ते फेकून द्यायचं. कायदा पाळणारे ते निष्ठावंत, मोडणारे ते रानटी. मजल्यामजल्यावरून ओरडून चौकशी सुरू होते: पिझ्झा कोणी खाल्ला?

ही कल्पना पहिल्या भागापेक्षाही भयंकर होऊ शकली असती. पहिल्या भागात वरचा माणूस जास्त खातो तेव्हा खाली नेमकं कोण मरतं, हे त्याला कळत नाही. सामान्य हावरटपणाला हे सोयीचं असतं. ‘ज्याचं त्याचं ताट’ या नियमाखाली ही पळवाट बंद होते. पिझ्झा खाल्ला म्हणजे अमुक मजल्यावरचा अमुक माणूस आज उपाशी राहिला. चोरीवर बळीचं नाव लिहिलेलं आहे. दोन मिनिटांचा वेळ, समोर दुसऱ्याचं ताट, पोटात आग, आणि ते ताट कोणाचं हे ठाऊक. अख्खा चित्रपट या एका प्रसंगाभोवती फिरवता आला असता. लेखकांनी तो वीस-पंचवीस मिनिटांत उरकला आणि मोर्चा लढाईकडे वळवला.

घोटाळा सुरू होतो तो साध्या व्यवहाराच्या प्रश्नांपासून. फळीवर आता ६६६ वेगवेगळे पदार्थ, प्रत्येकाची स्वतंत्र बशी. बशी २० सेंटिमीटरची धरली तरी नुसत्या बश्या एकीला एक लावून ठेवायला साडेसव्वीस चौरस मीटर जागा लागते. पडद्यावरची फळी त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे थरावर थर आले. मग ३००व्या मजल्यावरच्याचं ताट तळाशी असणार, आणि वरचे २९९ मजले त्याच्याभोवती उचकापाचक करत आपलं शोधणार, तेही दोन मिनिटांत. कोणाचं ताट कुठलं हे ओळखायचं कसं? दोघांनी पिझ्झाच सांगितला असेल तर? पहिल्या भागात असे प्रश्न पडत नाहीत, कारण तिथे फळी म्हणजे एकच ढीग होता आणि ज्याच्या हाती लागेल त्याचं ते. नियम बदलला की यंत्र बदलावं लागतं. इथे नियम नवा आणि यंत्र जुनंच. हल्ली वेब मालिकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला हीच कळा येते, तो विषय वेगळा.

दुसरा प्रश्न नोंदींचा. ६६६ जणांची निवड कुठे लिहिली आहे? कोण जिवंत, कोण मेला, कोणी कोणाशी काय बदललं, याची वही कोणाकडे? दर महिन्याला सगळे मजले पिसले जातात, त्यामुळे काल वर असलेला आज दोनशे मजले खाली. वही नसेल तर चोरी सिद्ध कशी होते? चित्रपटाचं उत्तर: आरडाओरडा आणि श्रद्धा. कायद्याचा मुख्य पुजारी दागिन बाबी (ओस्कार हाएनादा) आंधळा आहे, टोळी घेऊन फळीवरून खाली उतरत येतो आणि हातपाय तोडतो. दिसायला भीषण. पण न पाहणाऱ्या माणसाने न लिहिलेल्या नोंदींवरून निकाल द्यायचे, हा विनोद म्हणून तरी कोणी पकडायला हवा होता. चित्रपट अगदी गंभीर चेहऱ्याने पुढे जातो.

मेलेल्याचं अन्न फेकून द्यायचा नियम मात्र खरोखर चांगला सुचलेला आहे. कारण त्यामागे तर्क आहे: मेलेल्याचं ताट जिवंताला मिळणार असेल तर शेजाऱ्याला मारण्यात फायदा, फायदा काढून घेतला की खून थांबतील. अगदी कायदेपंडिताला शोभेल असा विचार. त्याचा परिणाम असा की, उपाशी माणसांच्या डोळ्यांदेखत चांगलं अन्न भोकातून खाली भिरकावलं जातं. इथे थांबून एका माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवायला काय हरकत होती? पेरेंपुआनची नंतरची सोबतीण साहाबात (नातालिया तेना) हिचा एक हात आधीच गेलेला आहे. कायदा मोडल्याची किंमत. तिच्या तोंडून ही गोष्ट येते तेवढा वेळ चित्रपट पुन्हा दोन माणसांच्या खोलीत बसतो आणि लगेच श्वास धरून ठेवावासा वाटतो. मग पुन्हा टोळी, पुन्हा कुऱ्हाडी.

‘कायदा नसलेला तुरुंग’ हा भयकथांचा जुना आवडता मसाला आहे. प्रत्यक्षात असे तुरुंग पाहिले तर उलट दिसतं. सरकारने हात काढून घेतला की आत पोकळी राहत नाही. आतलेच लोक कायदा करतात आणि तो बाहेरच्यापेक्षा कडक असतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलोतल्या कारांदिरू तुरुंगात २ ऑक्टोबर १९९२ रोजी दंगलीनंतर पोलीस घुसले आणि १११ कैदी मेले. पुढच्याच वर्षी ताउबातेच्या तुरुंगात ‘पीसीसी’ ही कैद्यांची संघटना उभी राहिली. तिची लेखी घटना आहे, सभासदांकडून वर्गणी घेतली जाते, कोणाला मारायचं आणि कोणाला नाही याचे निवाडे होतात. बोलिव्हियात ला पाझमधल्या सान पेद्रो तुरुंगात पहारेकरी मुख्यतः फाटकावर; आत कोठड्या विकत किंवा भाड्याने घ्याव्या लागतात, बायकामुलं राहतात, खानावळी चालतात, प्रत्येक विभाग आपला प्रतिनिधी निवडतो. व्हेनेझुएलातला तोकोरोन तुरुंग सप्टेंबर २०२३ मध्ये ताब्यात घ्यायला सरकारने ११,००० सैनिक-पोलीस पाठवले. आत पोहण्याचा तलाव सापडला, प्राणिसंग्रहालय सापडलं, नाइट क्लब सापडला. तिथल्या कैद्यांना ‘प्रान’ म्हणजे आतल्या दादाला ठरावीक हप्ता द्यावा लागे, आणि थकबाकी म्हणजे जिवाशी गाठ.

या सगळ्यांत समान धागा कोणता? वही. कोण किती देतो, कोणाचं किती थकलं, कोणाला काय शिक्षा. आतला कायदा म्हणजे आधी जमाखर्च, श्रद्धा वगैरे नंतर. ‘द प्लॅटफॉर्म २’च्या हाती नेमका हाच विषय लागला होता: कैद्यांनी कैद्यांसाठी केलेला कायदा. तो त्याने धर्मवेडाच्या ओळखीच्या साच्यात ओतला. दाढीवाला प्रेषित, त्याचे हुकूम, त्याचे अंधभक्त. हे सगळं आपण दहा ठिकाणी पाहिलेलं आहे, आणि बरंच बरं पाहिलेलं आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर फार लांब जायला नको. जून २०१७, भायखळ्याचा महिला तुरुंग. आरोपपत्रानुसार, बराकीच्या सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी आले. बराकीची जबाबदारी असलेल्या कैदी वॉर्डरने ते बोलून दाखवलं. त्यावरून तिला मारहाण झाली आणि ती दगावली. तुरुंगाच्या सहा कर्मचारी महिलांवर खुनाचा खटला भरला गेला. आत दंगा उसळला म्हणून शेकडो कैदी महिलांवरही गुन्हे नोंदले गेले. दोन अंडी, पाच पाव. तुरुंगातल्या अन्नाचा हिशोब किती बारीक असतो आणि तो विचारण्याची किंमत काय असू शकते, हे कळायला यापुढे कुठल्याही आंधळ्या प्रेषिताची गरज नाही. झामियातिनच्या पिझ्झ्याची गोष्ट इथपर्यंत नेता आली असती.

आता मारामारीबद्दल. उत्तरार्धात निष्ठावंत विरुद्ध रानटी असं उघड युद्ध होतं, आणि चित्रपट सगळ्यात कंटाळवाणा होतो तो इथेच. कारण भीतीला वाट पाहणं लागतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या सांता फेजवळच्या तुरुंगात फेब्रुवारी १९८० मध्ये ३६ तास दंगल चालली, ३३ कैदी मारले गेले. दुरुस्तीच्या कामासाठी आत आणलेली गॅसकटरची उपकरणं दंगलखोरांच्या हाती पडली होती. खबरे आणि संरक्षण मागितलेले कैदी सेलब्लॉक चारमध्ये होते. तिथलं लोखंडी दार कापायला वेळ लागला. आतले कैदी आपापल्या कोठडीत उभे राहून ते कापलं जाताना बघत होते. कुंपणाबाहेर पोलीस उभे होते, आत कोणी आलं नाही. या प्रसंगात रक्ताचा थेंबही दाखवला नाही तरी अंगावर काटा येतो. पहिल्या भागाला हे नेमकं कळलं होतं: १७१व्या मजल्यावर त्रिमागासी गोरेंगला बिछान्याला बांधून ठेवतो आणि शांतपणे समजावतो की, घाई नाही, काही दिवस थांबू. तो आठवडा हाच भयपट. दुसऱ्या भागात कोणी कोणाची वाट बघत नाही. गर्दी गर्दीवर तुटून पडते, कोणाचं मुंडकं गेलं हेही नीट कळत नाही, आणि प्रेक्षक शांतपणे चहा ओतून घेतो.

पुढची चूक समजावून सांगण्याची. पहिल्या भागात महिनाअखेर गॅसचा फुसफुस आवाज, डोळे मिटले, उघडले, भिंतीवर नवा आकडा. मधे काय झालं? कोणाला ठाऊक. अज्ञानानेच तो तुरुंग प्रचंड वाटत होता. दुसरा भाग पडदा सरकवतो: गुरुत्वाकर्षण बंद होतं, माणसं आणि प्रेतं हवेत तरंगतात, कामगार येऊन मजले बदलतात आणि मेलेल्यांना उचलून नेतात. एकदा गुरुत्वाकर्षण बंद करणारी व्यवस्था मान्य केली की तिने फळी कशाला वापरावी, हा प्रश्न आलाच. भीती गेली, आणि तिच्या जागी आलेलं विज्ञानही धड नाही.

सुटकेची योजना याच रात्रीवर बेतलेली आहे. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘कुत्रा’ या चित्राचे तुकडे गिळायचे आणि गॅसच्या वेळी प्रेतांत पडून राहायचं. गोयाने १८१९ ते १८२३ च्या दरम्यान माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर जी १४ काळी चित्रं काढली त्यांतलं हे एक. आज ते प्रादो संग्रहालयात आहे. वाळूसदृश उतारापलीकडून एका कुत्र्याचं फक्त डोकं वर आलेलं, आणि वर नुसती रिकामी, मळकट पिवळी जागा. खड्ड्यात अडकलेल्यांच्या गोष्टीला यापेक्षा नेमकं चित्र सापडणार नाही, निवड शंभर टक्के बरोबर. पण पेरेंपुआनच्या पूर्वायुष्यातही कुत्र्याचं शिल्प, त्या शिल्पामुळे एका मुलाचा जीव गेलेला, त्याचा पश्चात्ताप, म्हणून तळाशी दिसलेल्या मुलाला वाचवण्याची ओढ. इतकी ओळ जुळवली की चित्र कोड्याच्या उत्तरासारखं वाटायला लागतं. गोयाने त्या कुत्र्यावर काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तर ते अजून छळतं.

मुलांचंही तसंच. पहिल्या भागात इमोगिरी ठामपणे सांगते की सोळा वर्षांखालचं कोणी आत नसतंच. आणि शेवटी ३३३व्या मजल्यावर एक मुलगी सापडते. ती खरी की गोरेंगच्या उपाशी डोक्यातली, हे चित्रपट सांगत नाही, आणि त्या न सांगण्यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातले. दुसऱ्या भागात मुलांचा घोळकाच दाखवला आहे, एका उंच रचनेवर धक्काबुक्की करत चढणारा. म्हणजे मुलं खरी, मुद्दाम ठेवलेली. पहिल्या शेवटातली सगळी हवाच निघून गेली.

आणि हे सगळं पहिल्या भागाच्या आधी घडतं, ही खरी अडचण. त्रिमागासी दुसऱ्या भागात आहे. त्याची भूमिका करणारा झोरिऑन एगिलेओर पुन्हा आला याचा आनंद होतो, त्याचं ते ऊठसूट ‘अर्थातच’ म्हणणं कानाला अजून गोड लागतं. पण मग त्याने निष्ठावंतांचं राज्य, दागिन बाबी, युद्ध हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असणार. आणि नंतर ४८व्या मजल्यावर गोरेंगबरोबर अख्खा महिना काढताना, तोंड एक मिनिट बंद न ठेवणारा हा माणूस त्यातलं अवाक्षर काढत नाही? गोरेंग ‘आपण वाटून खायला हवं’ म्हणतो तेव्हा ‘हे आम्ही करून पाहिलं, हातपाय तुटले’ असं सांगण्यासारखं सरळ उत्तर त्याच्याजवळ होतं. तो विचारतो, तू कम्युनिस्ट आहेस का? दुसऱ्या भागाने पहिल्या भागातली ही चांगली दृश्यं मागे जाऊन बिघडवली, आणि नुसता सुमार सिक्वेल असता तर इतका राग आला नसता.

अभिनयाला नावं ठेवायला जागा कमी. मिलेना स्मितचा चेहरा कोरा ठेवलेला आहे आणि तो कोरेपणा पूर्वार्धात चालतो. केउचकेरियनचा झामियातिन चित्रपटातलं सगळ्यात जिवंत पात्र: मोठा देह, लहान मुलासारखी भूक, आणि आपण वाटतो तितके चांगले नाही हे आतून कळलेला माणूस. त्याला लवकर संपवलं, आणि तिथून चित्रपटाला माणूस उरत नाही, फक्त बाजू उरतात. खोलीचं राखाडी काँक्रीट, आकड्याचा ठसा, लाल-हिरवा दिवा, फळी सुटतानाचा तो जड खरवडणारा आवाज, हे सगळं आधीसारखंच उत्तम. दीडेक तासाच्या कामात पैसा कुठे गेला हे दिसतं, फक्त लिहायच्या टेबलावर आणखी चार महिने द्यायला हवे होते.

बघायचाच असेल तर काही गोष्टी. आवाज मूळ स्पॅनिश ठेवा आणि उपशीर्षकं लावा. इंग्रजी डबिंगमध्ये झामियातिनची आर्जवं आणि त्रिमागासीचा तिरकसपणा दोन्ही सपाट होतात. पहिला भाग नुकताच पाहिलेला असेल तर दुसऱ्याला लगेच हात घालू नका, वर सांगितलेल्या विसंगती फार टोचतात. हिंसा पूर्णपणे प्रौढांसाठीची आहे: अवयव तोडणं, नरभक्षण, जाळपोळ, मुलाचा मृत्यू. जेवताना तर नाहीच. घाई असेल त्याने झामियातिन असेपर्यंत बघावं, मग साहाबातबरोबरचे प्रसंग बघावेत, आणि युद्ध सरळ पुढे ढकलावं. कथेचा धागा तुटत नाही, कारण त्या पट्ट्यात धागा नाहीच.

श्रेयनामावली सुरू झाली म्हणून बंद मात्र करू नका. इतर माणसं आपापली मुलं घेऊन तळाशी पोचतात ते तुकडे तिथे आहेत, आणि शेवटी गोरेंग मुलीला घेऊन येतो, पेरेंपुआनला भेटतो. दोघं एकमेकांना आधीपासून ओळखतात. कशी, कधी, बाहेर काय होतं, ते तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलेलं दिसतं.